ओझेम्पिकचा दावा लावायचा असेल तर आधी आईची फाइल मागवा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका गृहस्थांनी विचारले आहे: आई साठीच्या पुढची, मधुमेह जुना. डॉक्टरांनी ओझेम्पिकची सूई सुरू केली. साखर उतरली, वजनही उतरले. पण नंतर उलट्या लागल्या त्या कित्येक महिने थांबल्या नाहीत आणि दोनदा इमर्जन्सीत न्यावे लागले. आता फोनवर रोज जाहिरात येते, ‘ओझेम्पिक घेतले होते का? भरपाई मिळू शकते, एक पैसाही भरायचा नाही.’ सही करावी का? किती मिळतात? किती वर्षे लागतात? शिवाय धाकटा भाऊ सांगलीत माउंजारो ही तशीच दुसरी सूई घेतो आहे, तिकडे असे काही झाले तर दाद कुठे मागायची?

मी डॉक्टर आहे, पण बरीच वर्षे झाली, रुग्ण तपासत नाही. पुण्यात बसून अमेरिकेतल्या औषधांच्या खटल्यांसाठी रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी वाचते आणि वकिलांना त्यांचा तारीखवार सारांश करून देते. हे काम भारतात खूप मोठ्या प्रमाणावर चालते, त्याची फारशी चर्चा होत नाही एवढेच. कायदेशीर सल्ला तुम्ही तिथल्या वकिलाकडूनच घ्या. दावा कुठे टिकतो आणि कुठे फाटतो हे मात्र मी रोज कागदावर पाहते, तेवढे मनापासून सांगते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: सही करू शकता, पण आजच्या आज नको. आधी आईची संपूर्ण फाइल हातात घ्या. आणि औषध अजून चालू असेल तर ते जाहिरात पाहून बंद करू नका. मधुमेही माणसाने अशी सूई अचानक सोडली की साखर कुठे जाईल हे सांगता येत नाही. बंद करायचे, डोस कमी करायचा की बदलायचे, हे तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. सेमाग्लूटाइड, म्हणजे ओझेम्पिकमधले मूळ औषध, वाईट आहे असे समजून मी हे लिहीत नाही. सतरा हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले होते. अनेकांना या औषधाने आयुष्य परत दिले आहे. प्रश्न वेगळा आहे: ज्या थोड्या लोकांना गंभीर त्रास झाला, त्यांना तो होऊ शकतो हे कंपनीने वेळेवर आणि स्पष्ट सांगितले होते का?

हे खटले नेमके कुठे आहेत ते पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये लुइझियानातल्या एका महिलेने नोव्हो नॉर्डिस्क आणि एलाय लिली या दोन्ही कंपन्यांवर दावा लावला आणि तिथून या विषयाला तोंड फुटले. नोव्होचे ओझेम्पिक, वेगोव्ही, रायबेल्सस; लिलीचे माउंजारो, ट्रुलिसिटी; राज्याराज्यांतून दावे येऊ लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात एकत्र आणले गेले. क्रमांक एमडीएल ३०९४; एमडीएल म्हणजे ठिकठिकाणचे सारखे दावे एकाच न्यायाधीशांपुढे चालवण्याची पद्धत. सुरुवातीला ते न्या. जीन प्रॅटर यांच्याकडे होते. मे २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम न्या. कॅरन मार्स्टन यांच्याकडे आले. दाव्यांची संख्या हजारांत आहे. नोव्होचे अमेरिकेतले मुख्यालय तर तुमच्या शेजारीच, प्लेन्सबरोला आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण आपल्या लोकांत तो फार आहे. हा ‘क्लास ॲक्शन’ नाही. क्लास ॲक्शनमध्ये एक निकाल लागतो आणि तो गटातल्या सगळ्यांना लागू होतो. एमडीएलमध्ये सगळे एकाच गाडीत बसतात, पण तिकीट ज्याचे त्याचे. कंपनीची कागदपत्रे, शास्त्रज्ञांच्या साक्षी, कायद्याचे सामाईक मुद्दे एकदाच एका न्यायाधीशांपुढे चालतात. तुमच्या आईने कोणते औषध, कोणत्या तारखेला, किती डोसने घेतले, तिला नेमके काय झाले आणि ते कशामुळे झाले, हे मात्र तिचे तिलाच सिद्ध करायचे असते. म्हणून ‘सगळ्यांना मिळाले की आपल्यालाही मिळेल’ हा हिशोब चालत नाही.

आता कंपनीचा बचाव ऐका, कारण तो पोकळ नाही. कंपनी म्हणते, मळमळ आणि उलटी होते हे आम्ही पहिल्या दिवसापासून लिहिले आहे. ते खरेही आहे. वजनासाठीच्या मोठ्या डोसच्या पहिल्या प्रमुख चाचणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांना मळमळ झाली होती आणि जवळपास २५ टक्के लोकांना उलट्या. शिवाय पोट रिकामे व्हायला वेळ लागणे हा तर औषधाच्या कामाचाच भाग आहे. भूक मरते ती अंशतः त्यामुळेच.

दावेदार म्हणतात, मळमळ होईल हे सांगणे आणि जठर काम करायचे थांबेल, आतडी अडकतील, सलाइन लावून दवाखान्यात पडावे लागेल हे सांगणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओझेम्पिकला मधुमेहासाठी डिसेंबर २०१७ मध्ये परवानगी मिळाली. आतड्यांची हालचाल ठप्प होणे, म्हणजे इलियस, हा उल्लेख माहितीपत्रकात आला तो सप्टेंबर २०२३ मध्ये. भूल देताना पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका नोव्हेंबर २०२४ मध्ये. भूलतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने मात्र शस्त्रक्रियेआधी त्या आठवड्यात घ्यायची सूई टाळा, असे जून २०२३ मध्येच सांगितले होते. दुसरीकडे, जठराचा गंभीर विकार असलेल्यांवर आमच्या औषधाचा अभ्यास झालेला नाही, त्यांना ते देऊ नये, हे लिलीच्या माउंजारोच्या माहितीपत्रकात २०२२ पासून होते. म्हणून औषध कोणते आणि वर्ष कोणते, यावर दाव्याचे वजन बदलते. आईच्या पहिल्या सुईची तारीख आणि त्या दिवशी लागू असलेले माहितीपत्रक ही जोडी वकील सगळ्यात आधी जुळवून पाहतो.

वैद्यकीय पुराव्यात सगळ्यात जास्त वापर होतो तो ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या अभ्यासाचा. वजन कमी करण्यासाठी ही औषधे घेणाऱ्यांची तुलना त्यांनी दुसरी वजनाची गोळी घेणाऱ्यांशी केली. जठर मंदावण्याचा धोका साडेतीन पटींहून अधिक, आतडे अडकण्याचा चार पटींहून अधिक, स्वादुपिंडाच्या सुजेचा नऊ पट निघाला. आकडे मोठे आहेत. पण त्यांनी अभ्यासात मधुमेही घेतलेच नव्हते, आणि तुमची आई मधुमेही आहे. म्हणजे तिच्या प्रकरणात हा अभ्यास सरळ लागू होत नाही, वळसा घेऊन लावावा लागतो.

आणि याच जागी सगळ्यात जास्त दावे अडतात.

जठर मंदावण्याच्या विकाराला डॉक्टर गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. दहा-पंधरा वर्षांच्या मधुमेहाने जठराच्या नसा बिघडतात आणि हाच विकार कोणतीही सूई न घेता होतो. कंपनीचे वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. म्हणून तुमच्या आईच्या फाइलीत औषध सुरू होण्याआधीची पाने नंतरच्या पानांपेक्षा महत्त्वाची आहेत. आधी कधी ‘जेवल्यावर पोट जड होते’, ‘दोन घासांत पोट भरते’ अशी तक्रार लिहिली गेली होती का? हातापायांना मुंग्या, डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम, अशा नोंदी आहेत का? असतील तर दावा संपला असे नाही. पण त्या लपवून काही होत नाही. समोरच्याकडे त्या आपल्याआधी पोहोचतात.

दुसरा अडथळा निदानाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये न्या. मार्स्टन यांनी महत्त्वाचा निर्णय दिला: नुसती लक्षणे ऐकून गॅस्ट्रोपॅरेसिसचे निदान झाले, असे सांगणारी तज्ज्ञांची साक्ष या खटल्यात चालणार नाही; नीट केलेली, जठर रिकामे होण्याची वस्तुनिष्ठ चाचणी हवी. त्यांच्यासमोर हजारो फाइली आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांत डॉक्टरांनी लक्षणांवरून अंदाजाने ‘गॅस्ट्रोपॅरेसिस असावा’ एवढेच लिहिले आहे. ज्या रुग्णांना उलट्यांनी जेरीस आणले पण ज्यांच्या डॉक्टरांनी चाचणी लिहून दिली नाही, त्यांच्यासाठी हा निर्णय फार कठोर ठरला. मला त्यातले काहींचे कागद वाचताना वाईट वाटते. पण विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर न्यायाधीशांचे म्हणणे चुकीचे म्हणता येत नाही. मळमळ, उलटी, पोट फुगणे ही लक्षणे वीस आजारांत असतात.

ही चाचणी म्हणजे गॅस्ट्रिक एम्प्टीइंग स्टडी. ती कशी असते ते नीट सांगते, कारण आईची झाली असेल तर तिचा अहवाल तुम्हाला स्वतःला वाचता यायला हवा. रात्रभर उपाशी राहिलेल्या रुग्णाला ठरलेला नाश्ता देतात: अंड्याचा पांढरा भाग शिजवून, पावाचे दोन टोस्ट, थोडा जॅम, पाणी. अंड्यात किरणोत्सारी टेक्नेशियमची सूक्ष्म मात्रा मिसळलेली असते. मग जेवण संपताच, एक तासाने, दोन तासांनी आणि चार तासांनी पोटाचे चित्र घेतात. चार तासांनंतर दहा टक्क्यांहून जास्त अन्न पोटात उरले असेल, किंवा दोन तासांनी साठ टक्क्यांहून जास्त, तर चाचणी बिघडलेली धरतात.

आता बारकावा. माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत किती तरी वेळा दिसते की चाचणी दोन तासांतच, कधी दीड तासातच थांबवली आणि ‘पुढचा वेग असाच राहील’ असे गणित मांडून निकाल लिहिला. काही अहवालांत त्या दिवशीची साखर लिहिलेलीच नसते. साखर पावणेतीनशेच्या वर असेल तर जठर तेवढ्याच कारणाने मंद चालते. काहींमध्ये रुग्ण वेदनाशामक अफूजन्य गोळ्या घेत होता, त्याही जठर मंदावतात, आणि त्या दोन दिवस आधी बंद केल्या होत्या का याचा पत्ता नसतो. एका फाइलीचा सारांश करताना अहवालाच्या तळाशी तंत्रज्ञाची छोटी ओळ दिसली: रुग्ण शाकाहारी, अंडे नाकारले, ओटमील दिले. दहा टक्क्यांचा निकष अंड्याच्या नाश्त्यावर ठरलेला आहे. ओटमीलला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. डॉक्टरांनी मात्र निष्कर्षात तोच निकष वापरला होता. अशी एक ओळ उलटतपासणीत सापडली की सगळा अहवाल डळमळतो. आपल्या घरातल्या शाकाहारी आयांच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता किती मोठी आहे हे तुम्हीच पाहा. आईने अंडे खाल्ले होते का, विचारा. खाल्ले नसेल तर पर्यायी जेवण कोणते होते आणि त्याचा निकष प्रयोगशाळेने कुठून घेतला, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या.

आणखी एक तारीख महत्त्वाची: चाचणीच्या आधीची शेवटची सूई केव्हा घेतली? सेमाग्लूटाइडचे प्रमाण अंगात निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो, पूर्ण निघून जायला पाचेक आठवडे. सूई घेतल्यावर तिसऱ्या दिवशी चाचणी केली आणि पोट मंद निघाले, तर कंपनी म्हणते, हा तर औषधाचा अपेक्षित परिणाम, आजार कुठे आहे? औषध थांबवून दोन-तीन महिन्यांनीही चाचणी बिघडलेलीच निघाली तर तो पुरावा फार भक्कम ठरतो. पण दाव्यासाठी म्हणून चाचण्या करत सुटू नका. चाचणी उपचाराला लागणार असेल तर आणि डॉक्टरांनी सांगितली तरच करा.

आईला गॅस्ट्रोपॅरेसिस नसून दुसरेच काही झाले असेल, हेही शक्य आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया, आतडे अडकणे, स्वादुपिंडाची सूज, हे दावेही आहेत आणि त्यांत निदानाचा घोळ कमी असतो, कारण सीटी स्कॅन किंवा शस्त्रक्रियेचा अहवाल असतो. डोळ्यांचा प्रकार पूर्ण वेगळा. सकाळी उठल्यावर एका डोळ्याने दिसेनासे होणे, दुखत मात्र नाही, अशा दृष्टिमज्जेच्या विकाराचे (डॉक्टर त्याला नायॉन म्हणतात) प्रमाण सेमाग्लूटाइड घेणाऱ्यांत जास्त आहे, असे बोस्टनच्या मॅस आय अँड इअरमधल्या डॉक्टरांनी जुलै २०२४ मध्ये मांडले. युरोपच्या औषध नियामकांनी जून २०२५ मध्ये तो अतिशय दुर्मिळ दुष्परिणाम म्हणून मान्य केला, दहा हजारांत जास्तीत जास्त एक. डोळ्यांचे दावे आता डिसेंबर २०२५ पासून स्वतंत्रपणे एकत्र केले आहेत, तेही न्या. मार्स्टन यांच्याकडेच. आईच्या नजरेत असा अचानक फरक पडला असेल तर वकिलाच्या आधी, त्याच दिवशी, नेत्रतज्ज्ञ गाठा.

आता डॉक्टरांकडे वळू. अमेरिकेत औषध कंपनीने इशारा द्यायचा असतो तो डॉक्टरला, रुग्णाला नव्हे, असे बहुतेक राज्यांचे कायदे मानतात. म्हणून खटल्यात आईच्या डॉक्टरांना विचारले जाते: जठर बंद पडण्याचा धोका माहितीपत्रकात ठळक असता तर तुम्ही हे औषध दिले असते का? डॉक्टर ‘हो, तरीही दिले असते’ म्हणाले तर दावा तिथेच मोडू शकतो. आणि बरेच डॉक्टर तसे म्हणतात, कारण त्यांना औषधाचे फायदे खरेच दिसलेले असतात. आईची साखर कशी होती, आधी कोणती औषधे अपयशी ठरली होती, पर्याय होता का, हे सगळे इथे मोजले जाते. डॉक्टरांशी वाकडे घेऊ नका. त्यांची साक्ष तुम्हाला लागणार आहे आणि आईवर उपचारही तेच करत आहेत.

किती मिळतात? खरे सांगते, यावर आकडा देणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. तडजोड झालीच तर ती सहसा श्रेणी पाडून होते: किती दिवस दवाखान्यात, शस्त्रक्रिया झाली का, नळीने अन्न द्यावे लागले का, त्रास औषध थांबल्यावर किती काळ टिकला, आधीचे आजार किती. आणि सगळा डोलारा कोसळूही शकतो. ॲसिडिटीच्या झॅन्टॅक गोळीच्या खटल्यात डिसेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या संघीय न्यायाधीशांनी दावेदारांच्या शास्त्रज्ञांची मतेच अग्राह्य ठरवली आणि हजारो दावे एका निर्णयात निकाली निघाले.

वर्षांचे म्हणाल, तर याच फिलाडेल्फियाच्या न्यायालयाचा जुना इतिहास पाहण्यासारखा आहे. १९९०च्या दशकात वजनासाठी ‘फेन-फेन’ ही दोन औषधांची जोडी अमेरिकेत तुफान चालली. १९९६ या एका वर्षात या औषधांच्या १ कोटी ८० लाखांहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. १९९७ च्या ऑगस्टमध्ये मेयो क्लिनिक आणि नॉर्थ डकोटातल्या डॉक्टरांनी हृदयाच्या झडपा खराब झालेल्या चोवीस महिलांची माहिती प्रसिद्ध केली आणि सप्टेंबरमध्ये जोडीतले फेनफ्लुरामीन बाजारातून गेले. २००० मध्ये ३७५ कोटी डॉलरची राष्ट्रीय तडजोड मंजूर झाली. तरी वाद पुढे कित्येक वर्षे चालले. मोठा वाद कशाचा, तर हृदयाच्या सोनोग्राफीच्या अहवालांचा. अहवाल घाऊक भावाने, दावा बसेल असे लिहिले गेल्याचा आरोप झाला, मग प्रत्येक अहवालाची तपासणी सुरू झाली, आणि जे खरोखर आजारी होते त्यांचे पैसेही त्या रांगेत अडकले. न्या. मार्स्टन चाचणीबद्दल एवढ्या काटेकोर का आहेत, हे मला त्या इतिहासामुळे समजते.

फेन-फेनमधूनच वकिलांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. केंटकीत ४४० दावेदारांसाठी २० कोटी डॉलरची तडजोड झाली आणि त्यातला निम्म्याहून कमी हिस्सा आधी त्यांच्या हाती पडला. दोन वकिलांना २००९ मध्ये संघीय न्यायालयाने दोषी ठरवले. बहुतेक वकील असे नसतात. पण जाहिरात करणारा बऱ्याचदा वकील नसतोच. ती मार्केटिंग कंपनी असते, ती आईचे नाव आणि आजार गोळा करून पुढे विकते. म्हणून फोन करणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचारा: आमच्या वतीने न्यायालयात उभा राहणारा वकील कोण आणि त्याचा परवाना कोणत्या राज्याचा? तुमची टक्केवारी एकूण रकमेवर की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर? आणि मी मध्येच वकील बदलला तर काय? फी साधारण तेहतीस ते चाळीस टक्के असते. त्याखेरीज सामाईक कामासाठी न्यायालय काही टक्के बाजूला काढते, आणि मेडिकेअरने (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने) किंवा विमा कंपनीने आईच्या उपचारांवर केलेला खर्च तडजोडीतून परत मागितला जातो. ‘एक पैसाही भरायचा नाही’ हे खरे आहे, पण हाती किती येईल हा निराळा प्रश्न आहे.

मुदतीकडे दुर्लक्ष करू नका. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात शारीरिक इजेच्या दाव्याला दोन वर्षे, न्यूयॉर्कमध्ये तीन. घड्याळ कधी सुरू होते, त्रास झाला तेव्हा की तो औषधामुळे झाला हे कळले तेव्हा, यावर वाद घालता येतो. पण त्या वादाच्या भरवशावर राहू नका. आईची पहिली इमर्जन्सीची भेट कधीची, हे आज रात्री पाहा आणि दोन वर्षे भरत आली असतील तर या आठवड्यातच वकिलाशी बोला. फाइल पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

फाइलीत काय हवे: औषधाच्या दुकानातून प्रत्येक वेळी मिळालेल्या इंजेक्शन-पेनची छापील यादी, तारखा आणि डोससह. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण कोणत्या कंपनीचे औषध होते हे तोच सांगतो. औषध टंचाईच्या काळात अनेकांनी कंपाउंडिंग फार्मसीतून, म्हणजे औषध स्वतः तयार करून देणाऱ्या दुकानातून, स्वस्त सेमाग्लूटाइड घेतले. तसे असेल तर नोव्होवर दावा टिकणार नाही. नुसती डिस्चार्ज समरी पुरत नाही, परिचारिकांच्या नोंदींसकट पूर्ण नोंदी मागा. औषध सुरू होण्याआधीच्या किमान पाच वर्षांच्या नोंदी घ्या. रिकामी पेने, खोकी घरात असतील तर टाकू नका. आणि व्हॉट्सॲपवर आईने बहिणीला पाठवलेले ‘ओझेम्पिकने काय छान बारीक झाले’ हे संदेशही पुसू नका. पुरावा नष्ट केला असे ठरले तर दाव्याचे फार मोठे नुकसान होते.

आता सांगलीच्या भावाचे. भारतात एमडीएल नावाची व्यवस्था नाही, ज्युरी नाही. पण दाद मागायला जागा नाही हे खरे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन-दायित्वाचे पूर्ण प्रकरण आहे. उत्पादकाने नीट सूचना किंवा इशारा दिला नाही तर तो जबाबदार ठरतो. अडचण कलम ८७ मध्ये आहे: वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची असेल आणि उत्पादकाने त्या तज्ज्ञाला पुरेशा सूचना दिल्या असतील, तर उत्पादक सुटतो. डॉक्टरला सांगितले म्हणजे झाले, हाच अमेरिकी बचाव इथे कायद्यातच लिहिलेला आहे. तरीही भावाने त्रास झाल्यास मागे हटू नये. तक्रार कुठे करायची हे भरपाईच्या मागणीवर ठरत नाही, दिलेल्या किमतीवर ठरते, आणि ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरवली आहे. माउंजारो मार्च २०२५ मध्ये आले तेव्हा सर्वांत छोट्या डोसची कुपी ३,५०० रुपयांची होती. वर्षभराचा खर्चही पन्नास लाखांच्या जवळ जात नाही. म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. सारखा त्रास झालेले अनेक जण असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार चालवता येते.

हे प्रत्यक्षात किती अवघड जाते, हे जॉन्सन अँड जॉन्सनच्या एएसआर या कृत्रिम खुब्याच्या सांध्यावरून कळते. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला. अमेरिकेत २०१३ मध्ये अडीचशे कोटी डॉलरची तडजोड झाली. भारतात महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने लवकर आवाज उठवूनही भरपाईचे सूत्र, ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये, केंद्राने ठरवले ते २०१८ च्या शेवटी. तोपर्यंत अनेक रुग्णांकडे आपल्या शरीरात कोणता सांधा बसवला आहे याचा कागदही उरला नव्हता.

म्हणून भावाला आजच सांगा: सूई जिममधून, ब्युटी क्लिनिकमधून किंवा ‘कुरिअरने येते’ अशा माणसाकडून घेऊ नको. सेमाग्लूटाइडच्या भारतातल्या मुख्य पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती, त्यामुळे वजनाच्या सुयांत स्वस्त ब्रँडही येणार, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या कंपनीची सूई टोचली हे नंतर आठवणीने सांगता येणार नाही. डॉक्टरची चिठ्ठी, दुकानाचे पक्के बिल आणि खोक्यावरच्या बॅच क्रमांकाचा फोटो, दर वेळी. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी दाताची असली तरी गुंगी देणार असतील, तर ही सूई घेतो हे भूलतज्ज्ञाला आधी सांगायचे. पोटात तीव्र दुखून पाठीकडे कळ जात असेल, उलट्यांनी पाणीही पोटात टिकत नसेल किंवा नजर अचानक गेली, तर वाट न पाहता दवाखाना. आणि त्रास झालाच तर तो गाझियाबादच्या औषध-सुरक्षा केंद्राला १८००-१८०-३०२४ या फुकटच्या क्रमांकावर कळवायचा. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरच लागतो असे नाही. ओझेम्पिकच्या माहितीपत्रकात इलियसची ओळ आली ती औषध बाजारात आल्यानंतर जमा झालेल्या अशाच नोंदींवरून.